भूल देणाऱ्याचं नाक

"निकोलस, मागे हो," डॉक्टर तेलंग म्हणाले.

ते हे दुसऱ्यांदा सांगत होते, असं निकोलसला नंतर कळलं. टेबलावर रेल्वेचा एक हमाल निजला होता. डब्यांच्या मध्ये सापडून त्याची बोटं चेचली होती आणि त्यातलं वाचवता येईल तेवढं डॉक्टर वाचवत होते. निकोलस नेहमीप्रमाणे टेबलाच्या डोक्याशी उभा होता. डाव्या हातात रुमालाचा द्रोण, उजव्या हातात क्लोरोफॉर्मची बाटली. हमाल संथ घोरत होता. पण डॉक्टरांचा आवाज निकोलसला खाडीपलीकडून आल्यासारखा वाटत होता, आणि समोरच्या खिडकीचे गज हळूहळू वाकत चालले होते. मग तो मागे कलंडला.

मागून दवाखान्यातल्या गड्याने, सहदेवने, त्याला धरलं. एका हाताने निकोलसला कवटाळून दुसऱ्या हाताने त्याने द्रोण काढून घेतला, हमालाच्या तोंडावरून बाजूला केला आणि बाटलीही कलंडू दिली नाही. डॉक्टरांनी उरलेले टाके भराभर घातले. हमालाला यातलं काहीच कळलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने नुसतं पाणी मागितलं.

सन १८९४ च्या थंडीतली ही गोष्ट. कल्याणला स्टेशनच्या रस्त्यावर तेव्हा एका शेठजींनी बांधून दिलेला धर्मार्थ दवाखाना होता. रेल्वेचं गाव, त्यामुळे चेचलेले हात आणि मोडलेले पाय तिथे रोजचेच. आसपासच्या गावांतून गळवं, गाठी, पायात मोडलेले काटे येत. डॉक्टर गुरुदत्त तेलंग कापत आणि शिवत. निकोलस लोकांना भूल देत असे. तो मूळचा ठाण्याचा, तलावाकाठच्या किरिस्तावांतला. डॉक्टरांनीच त्याला हे काम शिकवलं होतं आणि त्याला ते साधलं होतं. गावात त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण 'तो झोपवणारा किरिस्ताव' म्हटलं की टांगेवालाही घर दाखवी.

त्याचं नाक मोडलं तेही याच कामात. एक लोहार भुलीत जाता जाता बिथरला आणि त्याचं कोपर निकोलसच्या नाकावर बसलं. रक्त आलं, सूज आली, उतरली. बाहेरून नाक जवळजवळ सरळ दिसे. दोन नाकपुड्यांमधला आतला पडदा मात्र मोडून डावीकडे कलला आणि तसाच जुळला. एक नाकपुडी तेव्हाच बंद झाली. दुसरी वर्षागणिक चिंचोळी होत गेली. निकोलस तोंडाने श्वास घेऊ लागला. त्याचे ओठ कायम सुकलेले, बोलणं मडक्यातून आल्यासारखं. झोपेत श्वास अडकून तो दचकून उठे, गळ्याशी हात नेई, आणि बायको, जोसेफिन, त्याची पाठ चोळत बसे. डॉक्टरांना त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. पण द्रोणावर वाकून उभं राहायचं आणि तोंड उघडं, म्हणजे रोग्याच्या वाट्याचा क्लोरोफॉर्म त्याच्याच छातीत जात होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला ओट्यावर उन्हात बसवलं आणि आरशाने उजेड पाडून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. हे नाक सुधारायचे दोन मार्ग आहेत. एक त्यांना येत होता. चपट्या पात्यांचा मोठा चिमटा आत घालून वाकडा पडदा मोडायचा, मधोमध आणायचा आणि तो तिथे धरेपर्यंत दोन्हीकडे नळ्या बसवून ठेवायच्या. हे जाग्या माणसाला सोसवणारं नाही, त्याला पूर्ण भूल लागते. दुसरा मार्ग नवा. नाकात कोकेन लावून आतली जागा बधिर करायची, रोग्याला खुर्चीवर बसता ठेवायचं आणि पडद्याचा जो भाग पुढे आला आहे तो बारीक करवतीने कापून काढायचा. रोगी सगळा वेळ जागा. ठाण्याला डॉक्टर जेराल्ड म्हणून एक जण व्हिएन्नाहून हे शिकून आले होते.

"मी करवत कधी धरलेली नाही," तेलंग म्हणाले. "त्यांना दाखवून ये. दोघांपैकी काय करायचं ते मग ठरव. पण काहीतरी करेपर्यंत तू टेबलाच्या डोक्याशी उभं राहायचं नाहीस."

निकोलसने विचारलं, तुमच्या पद्धतीने करायचं तर भूल कोण देईल?

डॉक्टर हात धूत होते. "सहदेव," ते म्हणाले.

सहदेव ठाकुर्लीचा आगरी. पन्नाशीला आलेला, जाड मानेचा, कमी बोलणारा. दवाखान्यात तो पाणी तापवी, रोग्यांचे पाय धरी आणि मेलेल्यांना उचलून बाहेर नेई. बाटली त्याने आजवर फक्त निकोलसच्या हातात दिली होती.

त्या दिवसापासून निकोलसला भीतीने धरलं. आधी त्याला वाटलं, दोन दिवसांत जाईल. पण ती जाईना. जेवताना घास फिरे. आणि सारखी बायजा आठवे.

बायजा बाजारात भाजी विकायला बसणारी बाई. जबड्याखाली गळू झालं म्हणून आली होती. चांगली धडधाकट, हसतखेळत. टेबलावर निजताना तिने वेणीतलं फूल काढून उशाशी ठेवलं, चुरगळेल म्हणून. निकोलसने द्रोण धरला. चार-सहा श्वास झाले असतील नसतील, आणि तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. डॉक्टरांनी अजून सुरी उचललीही नव्हती. त्यांनी तिची जीभ ओढून धरली, छाती दाबली, खूप वेळ दाबत राहिले. काही झालं नाही. हृदय थांबलं, ते म्हणाले. हजारांत एखाद्याचं थांबतं, आधी कळत नाही, यात कुणाचाच हात नाही. सहदेवने तिला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसरा माणूस होता आणि निकोलस त्याच्या डोक्याशी उभा होता. त्यानंतर शेकडो माणसं त्याने झोपवली आणि सगळी उठली. पण परत न येणारं माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, हे त्याला ठाऊक झालं होतं. आणि आता तो आरशात बघे तेव्हा स्वतःचा चेहरा न्याहाळत राही.

तो ठाण्याला गेला. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली, धूर डब्यात भरला, आणि बाकीचे लोक तोंडाला पदर-उपरणी लावून निवांत बसले असताना निकोलसला तोंड झाकता येईना. तोंड झाकलं की श्वास बंद. उजेड येईपर्यंत तो खिडकीच्या दांडीला घट्ट धरून उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का?

डॉक्टर जेराल्ड तरुण होते, बोलायला मऊ. कपाळावर बांधलेल्या आरशातून त्यांनी निकोलसचं नाक पाहिलं, आणि तो दवाखान्यातलाच माणूस आहे म्हटल्यावर करवत त्याच्या हातात दिली. हस्तिदंती फण्या करणाऱ्या कारागिराकडे असते तशी ती होती, लांबट, अरुंद, बारीक दातांची. निकोलसने ती लगेच परत केली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ज्यांच्या पडद्यावर एखादा कंगोरा पुढे आलेला असतो त्यांना ही पद्धत उत्तम, ते म्हणाले. तुमचा पडदा मार बसून सबंधच वाकलेला आहे. मी फुगवटा कापीन, वाट मोकळी होईल, पण तिथला पडदा पातळ आहे, आरपार भोक पडायचा संभव आहे. तुमच्या नाकाला तेलंगांची पद्धत जास्त जुळते. मात्र तिच्यात भूल आली, आणि भुलीत असताना नाकातलं रक्त घशात उतरतं. जागा माणूस ते थुंकून टाकतो. झोपलेल्याला ते जमत नाही.

हे निकोलसला माहीत होतं. दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही स्वतःबद्दल, त्याने ते आज पहिल्यांदा ऐकलं.

भोक पडलं तर काय होतं, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही व्हिक्टोरियाबाईंना भेटा, त्यांचं नाक मीच केलं, त्या सांगतील, त्या कुणालाही सांगतात.

व्हिक्टोरियाबाई चर्चच्या शाळेत मुलींना शिकवत. चाळिशीतल्या, ठेंगण्या, हसऱ्या. निकोलस त्यांच्या पडवीत बसला आणि त्या आतून आल्या तेव्हा त्याला वाटलं, कुठेतरी चिमणी बोलते आहे. मग लक्षात आलं की तो आवाज बाईंच्या नाकातून येत होता. त्या श्वास आत घेत तेव्हा बारीक शीळ वाजे.

"बावरू नका," त्या म्हणाल्या. "मी वाजवत नाही. ते आपलं आपण वाजतं. पहिल्यांदा वर्गातल्या मुली फार हसायच्या. आता मी आले की शीळ ऐकून गप्प बसतात, तेवढा फायदाच झाला."

त्याने विचारलं, दुखलं का?

"दुखलं नाही. ते औषध लावलं आणि नाक माझं नव्हतंच. छाती मात्र अशी धडधडायला लागली की वाटलं, आता तोंडातून बाहेर येणार. आणि ऐकू आलं. माझ्या डोक्यात बसून कुणीतरी लाकूड कापत होतं, आणि ते लाकूड मीच होते. डोळे मिटले तरी आवाज थोडाच मिटतो?" मग त्याच्याकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, "पण रात्रीची झोप मिळाली हो मला. पुन्हा सांगितलं तर पुन्हा करीन."

परतताना निकोलसचं एक मन म्हणत होतं, हेच करावं. शीळ तर शीळ. जागं राहावं, डोळ्यांसमोर सगळं असावं. आणि दुसऱ्या मनाला ती करवत आठवे. आपण खुर्चीत बसून राहू शकणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. मध्येच उठू, डॉक्टरांचा हात ढकलू, मग करवत कुठे जाईल कोण जाणे.

कल्याणच्या स्टेशनावर उतरल्यावर तो मधु सांधेवाल्याच्या खोपीकडे गेला. मधु गाड्यांचे सांधे बदलायच्या कामावर होता. नाकावर लोखंडी दांडा बसून त्याचाही पडदा वाकला होता, आणि दोन वर्षांपूर्वी तेलंगांनी तो चिमट्याने सरळ केला होता. भूल निकोलसनेच दिली होती. त्यानंतर रस्त्यात कितीदा भेट झाली, रामराम झाला, पण तुला त्या वेळी काय झालं हे निकोलसने त्याला कधी विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. त्याच्या लेखी माणूस उठला की काम संपलं.

मधुने त्याला बाकड्यावर बसवलं. नाक चांगलं चालतं, म्हणाला. नाकाचा दांडा मधोमध थोडा बसला होता, पण बायको काही बोलत नाही म्हणजे ठीकच असेल. नळ्या होत्या तोवर फार हाल झाले, जेवणाला रक्ताची चव यायची.

"आणि झोपताना?" निकोलसने विचारलं.

मधुने दूर सिग्नलकडे पाहिलं. "खरं सांगू? आधी गोड वास आला. मग मला वाटलं, मी विहिरीत पडलो. पडतोय, पडतोय, तळ काही येत नाही. हात मारायला गेलो तर कुणी धरलेले. ओरडायला तोंड उघडलं तर तोच वास आत. बुडतो माणूस, निकोलसभाऊ, दुसरं काय. फक्त तुमचा आवाज होता. तुम्ही काहीतरी बोलत होता कानाशी. काय ते कळत नव्हतं, पण आवाज होता तोवर वाटलं, वर कुणीतरी आहे."

घरी आल्यावर निकोलसने जोसेफिनला सगळं सांगितलं. ती कोयंडा लावून त्याच्यासमोर खाली बसली आणि मध्ये न बोलता ऐकत राहिली. त्याने शेवटी सांगितलं की दोन्हीपैकी काहीच नको. दवाखान्यात औषधं कुटीन, पट्ट्या धुईन, डोक्याशी उभा राहणार नाही म्हणजे झालं.

"आनि झोपेत श्वास अरकतो तेचा काय?" ती म्हणाली. "मी जागी अस्ते म्हनून तुमाला हलवते. एखादे दिवशी मना झोप लागली तं?"

तीच पुढे म्हणाली की तुम्ही इतक्या माणसांना झोपवलं, त्यांच्या बायका ओट्यावर बसून राहत. मी त्यांना पाणी नेऊन दिलंय. मी पण बसेन.

करवतीपुढे आपण टिकणार नाही हे त्याला कळलं होतं. उरली भूल. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना तसं सांगितलं आणि मागच्या अंगणात सहदेवला गाठलं. सहदेव चुलाण्यात लाकडं सारत होता. त्याने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. इतक्या वर्षांत निकोलसने त्याच्या तोंडून नाही हा शब्द ऐकला नव्हता.

"माजे हातून नको, निकलाव," सहदेव म्हणाला. "मंबईशी कोनी आना. ती बायजा मीच उचलून नेली व्हती. तिचा हात माजे पाठीवर असा आपटत व्हता, चालताना. मना आजून आठवतं. तुना काय झाला तं जोसफिनबायला मी काय तोंड दाखवू?"

निकोलस चुलाण्याशी खाली बसला. बायजाचं नाव दोघांनी एकमेकांसमोर त्या दिवसानंतर पहिल्यांदाच काढलं होतं. लाकूड धुमसत होतं, धूर दोघांच्या अंगावर येत होता आणि दोघंही बाजूला सरकत नव्हते. सहदेव एकच लाकूड पुन्हा पुन्हा आत-बाहेर करत होता. ते पाहून निकोलसला का कोण जाणे, किती दिवसांनी थोडं मोकळं वाटलं.

"मुंबईचा माणूस येईल, तो मला ओळखत नसेल," तो म्हणाला. "तो घाबरणार नाही. मला घाबरलेला माणूस पाहिजे."

सहदेवने ते लाकूड आत सारलं आणि द्रोण कसा करतात ते विचारलं.

मग शिकवणी सुरू झाली. दुपारी दवाखाना रिकामा झाला की निकोलस टेबलावर निजे आणि सहदेव औषधाविना द्रोण त्याच्या तोंडावर धरी. बाटलीत पाणी असे. थेंब एका जागी टाकायचे नाहीत. द्रोण टेकवायचा नाही, वारा जायला वाट ठेवायची. रोग्याच्या तोंडाकडे बघायचं, डॉक्टरच्या हाताकडे नाही. ओठांचा रंग, कानाची पाळी, मानेवरची शीर. श्वासाचा आवाज बदलला की जबडा पुढे ओढायचा. नाकाचं काम आहे, तेव्हा डोकं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतं ठेवायचं आणि काठीला बांधलेल्या स्पंजने घसा टिपत राहायचं. नुसत्या पाण्याच्या द्रोणाखालीही निकोलसला घाम फुटे. काही दिवसांनी खऱ्या रोग्यावर, लांब उभ्या निकोलसच्या नजरेखाली, सहदेवने बाटली धरली. त्याचं नीट झालं. नंतर अजून दोघांचं झालं.

"आनि काय?" शेवटच्या दिवशी सहदेवने विचारलं.

"बोलत राहा. मला ऐकू येईनासं होईपर्यंत बोल."

"मना बोलाला येत नाय. काय बोलू?"

"काहीपण. तुझ्या शेतीचं बोल."

ठरलेल्या दिवशी सकाळी पाद्री येऊन गेले. निकोलसने कुणाचं ऐकलं, काय म्हटलं, हे त्याला नंतर आठवेना. जोसेफिन ओट्यावर बसली होती, हातात जपमाळ. तो तिच्या पुढून आत गेला तेव्हा तिने मान वर केली नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. टेबल त्याच्या ओळखीचं होतं, पण वर बघितलं तर छत अनोळखी होतं. इतकी वर्षं तो या खोलीत वावरला, आणि आढ्याला एक लांब भेग आहे हे त्याने पाहिलेलं नव्हतं. किती माणसं ती भेग बघत गेली असतील, असं त्याच्या मनात आलं. डॉक्टरांनी विचारलं, तयार? त्याने हो म्हटलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

द्रोण आला. उघड्या तोंडातून गोडसर, जड हवा आत गेली आणि घसा जळाला. त्याला वाटलं होतं, आपल्याला हे सगळं माहीत आहे. त्याला काहीच माहीत नव्हतं. पाठीखालचं टेबल नाहीसं झालं. आपण पडतोय आणि कुणाला कळत नाही. पाय कुणीतरी धरले होते. त्याने हात सोडवायचा जीव तोडून प्रयत्न केला. त्याच क्षणी त्याला तो लोहार आठवला आणि त्याचं कोपर का उडालं ते कळलं. थांबा, मला उठवा, असं तो ओरडला, पण आतल्या आत. मग फक्त एक घोगरा, संकोचलेला आवाज राहिला.

"...खारीचा बांध फुटला, निकलाव. परवाचे भरतीला पानी आत आला. भात गेला आमचा. पन कोलंबी आली, इतकी आली का पोरींनी टोपल्या भरल्या... तुना आनीन ना मी... तुजे जोसफिनबायला दे म्हनाव..."

आवाज लांब गेला. मग तोही गेला.

तो उठला तो रक्त ओकतच. नाकात दोन नळ्या ठोकल्यासारख्या बसल्या होत्या, डोकं फुटत होतं, आणि जोसेफिनचा हात त्याच्या कपाळावर होता. तिने त्याला बोलू दिलं नाही.

काय झालं ते डॉक्टरांनी बऱ्याच दिवसांनी, नळ्या काढल्यावर सांगितलं. पडदा मोडून सरळ करताना रक्त अपेक्षेपेक्षा जास्त आलं आणि घशात उतरलं. निकोलस निळा पडला. तेलंग तोंडाने काही म्हणायच्या आत सहदेवने द्रोण फेकून दिला होता, जीभ बाहेर ओढली होती आणि त्याला कुशीवर वळवून पाठीवर थापा मारत होता. श्वास परत यायला किती वेळ लागला हे डॉक्टरांना सांगता येईना. तेव्हा मोठा वाटला, इतकंच ते म्हणाले. सगळं आटोपल्यावर सहदेव विहिरीमागे जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही.

हे ऐकल्यावर निकोलसला नव्याने भीती वाटली. होऊन गेलेल्या गोष्टीची भीती इतकी खरी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. मग एके दिवशी ठाकुर्लीहून पानात बांधलेली कोलंबी घरी आली.

नाक पूर्ण सुधारलं नाही. उजवी बाजू छान मोकळी झाली, डावी निम्मी. दांडा मधुसारखाच थोडा बसला. पण तो तोंड मिटून झोपू लागला आणि जोसेफिनही झोपू लागली. एका दुपारी ती चुलीवर सुकट भाजत होती. निकोलस बाहेरून आला आणि उंबऱ्यातच थांबला. तिने विचारलं, काय झाला? त्याने काही नाही म्हटलं आणि तिथेच उभा राहून तो नाकाने सुकटीचा वास घेत राहिला.

डॉक्टरांनी त्याला परत आपल्या जागी उभं राहायला सांगितलं. पहिली रोगी हौसाबाई होती, खाडीकाठच्या गावची म्हातारी. शिंपल्याने कापलेला पाय चिघळून अंगठा काळा पडला होता, तो काढायचा होता. मुलगा तिला पाठीवर घेऊन आला होता. तिला टेबलावर निजवलं. सहदेव पाय धरायला गेला. निकोलसने डोक्याशी उभं राहून द्रोण केला, बाटलीचं बूच काढलं आणि खाली पाहिलं. म्हातारी त्याच्याकडे बघत नव्हती. ती वर आढ्याकडे बघत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती.

"पोरा," ती म्हणाली, "मी परत येन ना?"

पूर्वी तो या प्रश्नाला न थांबता उत्तर देई. हो आजी, लगेच. आज त्याला आढ्यावरची ती भेग आठवली आणि तसं म्हणवेना. डॉक्टर वाट बघत होते. निकोलसने मान वळवून सहदेवकडे पाहिलं, आणि सहदेव काही न विचारता पायाशी उभा होता तिथून निघून डोक्याशी आला. निकोलसने द्रोण आणि बाटली त्याच्या हातात दिली. डॉक्टर तेलंगांनी एकदा दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी तिच्या मुलाला आत बोलावून पाय धरायला सांगितलं.

निकोलसने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तो टेबलाच्या बाजूला बसला. "आजी, मी इथंच आहे," तो म्हणाला आणि आपला हात तिच्या हाताखाली सरकवला. म्हातारीने त्याचा अंगठा मुठीत पकडला, लहान पोर पकडतं तसा. सहदेव तिच्या कानाशी हळू आवाजात भरतीचं, कोलंबीचं काहीतरी बोलू लागला. मध्येच ती बुडू लागल्यासारखी धडपडली आणि तिची नखं निकोलसच्या तळव्यात रुतली. त्याने हात हलवला नाही. मग एकेक करत तिची बोटं सैल पडली, श्वास लांब झाला, आणि डॉक्टरांनी सुरी उचलली.

आता हात काढून घ्यायला हरकत नव्हती. निकोलसने तो तसाच तिच्या हाताखाली उघडा ठेवला आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिला.